तग धरण्याचे माप

संकटाचा भार पेलूनही मोडून न पडता पुन्हा जगण्याच्या कामाला लागण्याची जी क्षमता माणसात दिसते, तिला मानसशास्त्रात ‘रेझिलियन्स’ असे म्हणतात आणि मराठीत तिच्यासाठी ‘मानसिक लवचीकता’ ही संज्ञा रुळू लागली आहे. कर्करोगाच्या रुग्णांमध्ये ही क्षमता किती आहे हे आकड्यांत सांगू पाहणाऱ्या प्रश्नावल्या गेल्या दोन दशकांत जगभरच्या रुग्णालयांत पोहोचल्या असून, कोणाला औषधांच्या जोडीने मानसिक आधाराचीही गरज आहे हे ओळखण्यासाठी त्यांचा उपयोग केला जातो. या मापाचे घराणे शोधत मागे गेले, तर मात्र वाट रुग्णालयाकडे न जाता लाकडाच्या वखारीकडे वळते. आणि साग, ऐन, बीजा मोजण्यात ज्या प्रदेशाच्या पिढ्या गेल्या त्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनजिल्ह्यांतून या घराण्याकडे पाहिले, तर त्यातला एक जुना आणि अजून न सुटलेला पेच विशेष ठळकपणे नजरेस येतो.

‘रेझिलियन्स’च्या मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ मागे उसळणे असा होतो. फ्रान्सिस बेकन यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘सिल्वा सिल्वारम’ या निसर्गविषयक ग्रंथात हा शब्द प्रतिध्वनीच्या परत येण्याविषयी आलेला आहे, आणि त्या ग्रंथाच्या नावाचा अर्थ ‘अरण्यांचे अरण्य’ असा व्हावा हा या कुळकथेतला पहिला सुखद योगायोग म्हणावा लागेल. टॉमस ब्लाउंट यांच्या १६५६ च्या शब्दकोशात त्याचे दोन अर्थ दिले आहेत. एक उसळून परत येणे आणि दुसरा दिलेल्या शब्दावरून मागे फिरणे. म्हणजे आज जो गुण म्हणून गौरवला जातो, त्याच्या नावाला त्या काळी वचनभंगाचाही वास होता. शब्दाला विज्ञानात पक्के घर मिळाले ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, जेव्हा टॉमस यंग यांनी १८०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानांत वेगाने येऊन आदळणाऱ्या वस्तूचा धक्का झेलण्याच्या पदार्थाच्या शक्तीला हे नाव दिले. त्यानंतर ११ वर्षांनी, १८१८ मध्ये, टॉमस ट्रेडगोल्ड यांनी लाकडाची आडवी ताकद आणि त्याची ‘रेझिलियन्स’ या विषयावर निबंध लिहिला. ट्रेडगोल्ड हे मुळात सुताराच्या हाताखाली उमेदवारी केलेले गृहस्थ होते आणि त्यांच्यापुढचा प्रश्न अगदी व्यवहारातला होता. तुळईवर एकाएकी भार पडला तर ती किती वाकेल, कुठवर वाकल्यावर भार काढताच पुन्हा सरळ होईल, आणि कोणत्या हद्दीपलीकडे तिला कायमचा बाक येईल, हे घर बांधणाऱ्याला आधी ठाऊक असणे आवश्यक होते. पदार्थाला कायमची इजा न होता त्यात किती ऊर्जा सामावून परत देता येते, हे सांगणारा आकडा पुढे अभियंत्यांच्या कोष्टकांत स्थिरावला आणि लाकडाहून अधिक पोलादाच्या कामी आला.

हे सारे परदेशी वाटले तरी मराठीची घडणही याच मार्गाने झालेली आहे. मन खचते ते जमीन खचावी तसे, आणि कोळशाच्या खाणींवर वसलेल्या चंद्रपूर परिसरात खचणे या क्रियेला कल्पनेची गरज पडत नाही. ‘लवचीक’ हा शब्द लवणाऱ्या फांदीचा, ‘चिवट’ हा वाखाचा नि कातड्याचा. ‘उभारी’ हा शब्द तर या दृष्टीने मुद्दाम थांबून पाहण्यासारखा आहे. विदर्भात बैलगाडीला बंडी म्हणतात आणि बंडीच्या दोन्ही बाजूंना जे उभे दांडके खोचलेले असतात त्यांना उभाऱ्या म्हणतात. धानाचे भारे शेतातून खळ्यावर नेताना खाचखळग्यात बंडी कलली की सगळा भार ज्यावर रेलतो ती हीच उभारी. आजारी माणसाच्या ‘मनाने उभारी धरली’ असे म्हणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बंडी असेलच असे नाही, पण शब्दात ती आहे. उभारी स्वतः उसळत नाही आणि परतही फिरत नाही. ती भार कलंडू देत नाही एवढेच तिचे काम. उसळीच्या लॅटिन कल्पनेपेक्षा ही कल्पना कर्करोगाच्या रुग्णाला अधिक लागू पडते, असे मानण्यास पुढील इतिहासातून बराच आधार मिळतो.

माप आले की ते काय धरते आणि काय सोडते हा प्रश्न येतो, आणि तो समजून घेण्यासाठीही लाकूडच सोयीचे आहे. उभ्या झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर, म्हणजे साधारण माणसाच्या छातीच्या पातळीवर, फीत लावून घेतात. पाडलेल्या ओंडक्यासाठी भारतातील लाकूड आगारांत दीर्घकाळ ‘पाव घेर’ पद्धत चालत आली आहे: ओंडक्याच्या मध्यावरचा घेर घ्यायचा, त्याचा चौथा भाग काढायचा, त्या चौथ्या भागाचा वर्ग करायचा आणि त्याला लांबीने गुणायचे. या हिशेबाने येणारे घनफळ गोल ओंडक्याच्या खऱ्या घनफळाच्या सुमारे ७८.५ टक्केच भरते, म्हणजे पाचव्या हिश्श्याहून थोडे जास्त लाकूड सूत्राने आधीच सोडून दिलेले असते, कारण साल निघणार, ओंडका चौरस करताना बाजू जाणार आणि करवतीखाली भुसा पडणार हे त्यात गृहीत आहे. बल्लारशाहच्या आगारातून २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी सागवान रवाना झाले, तेव्हा त्या सागाची कीर्ती देशभर गाजली. पण त्या कीर्तीमागे फीत, हातोड्याची खूण आणि ठरवून सोडलेला पाचवा हिस्सा असा जो रोखठोक व्यवहार आहे, तो कोणत्याही मापनशास्त्राला शिकवण्यासारखा आहे. हे माप खोटे नाही, कारण आपण काय सोडतो हे ते वापरणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. मनाच्या मापांच्या बाबतीत असे नेहमी म्हणता येत नाही.

लाकडापोलादाचा हा शब्द माणसाच्या अंगी लागण्यास विसावे शतक उजाडावे लागले, आणि तो आधी मुलांच्या वाट्याला आला. हवाई बेटसमूहातील काउआई या बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी पुढे अनेक दशके घेतला. गरिबी, आईवडिलांची व्यसने, घरातले कलह अशा अनेक संकटांत एकाच वेळी वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले कर्तबगार, मायाळू आणि स्थिर प्रौढ झाली, हे त्यांना आढळले आणि मानसशास्त्राचा प्रश्न उलटा झाला. माणूस का बिघडतो हे विचारण्याची सवय असलेल्या शास्त्राला, इतके सगळे बिघडूनही काही माणसे का सावरतात, हे विचारावे लागले. १९७९ मध्ये सुझान कोबासा यांनी टेलिफोन कंपनीतील अधिकाऱ्यांचा अभ्यास करून ताणातही प्रकृती सांभाळणाऱ्यांच्या स्वभावातील ‘कणखरपणा’ मांडला. त्याच वर्षी इस्रायलमधील समाजशास्त्रज्ञ आरोन अँटोनोव्हस्की यांनी आरोग्याच्या उगमाचा विचार मांडणारा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यांच्या विचाराला चालना देणाऱ्यांत छळछावण्यांतून वाचलेल्या व तरीही प्रकृतीने ठीक असलेल्या स्त्रिया होत्या. या सर्वांचे सूत्र जवळपास एकच होते: आधार देणारे एखादे तरी माणूस, स्वतःच्या जगण्याला काही अर्थ आहे ही भावना, आणि कशाचा तरी ताबा आपल्या हाती आहे हा विश्वास.

याच काळात शब्दाला दुसरा फाटा फुटला, आणि तो थेट जंगलात गेला. कॅनडातील परिस्थितिशास्त्रज्ञ सी. एस. हॉलिंग यांनी १९७३ मध्ये लिहिलेल्या निबंधात स्थैर्य आणि तग धरणे या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. धक्क्यानंतर पूर्वस्थितीला लवकर परत येणे म्हणजे स्थैर्य. आणि कितीही बदलावे लागले तरी व्यवस्थेतले मुख्य संबंध न तुटता टिकून राहणे म्हणजे खरे तग धरणे. त्यांचे उदाहरण होते एका अळीचे, जी दर काही दशकांनी उत्तर अमेरिकेच्या सूचिपर्णी वनांत थैमान घालते, फर जातीची झाडे मारते आणि त्या जागी स्प्रूस व बर्च यांना वाढायला संधी मिळते. असे वन कधीच स्थिर नसते, पण वन म्हणून ते टिकते. गडचिरोलीच्या वाचकाला यासाठी कॅनडाला जाण्याची गरज नाही. मानवेल बांबूला कित्येक वर्षांनी एकदा फुलोरा येतो, सगळे रान एकदम फुलते, बी पडते आणि फुललेली बेटे वाळून मरतात. त्या वर्षी मोजणी करणाऱ्याच्या वहीत ते रान संपलेले दिसते, तर पुढच्या पावसात जमिनीवर कोवळ्या रोपांचा गालिचा असतो. तुळईच्या हिशेबाने हे अपयश आहे, कारण काहीच पूर्वस्थितीला आलेले नाही. जंगलाच्या हिशेबाने ते टिकणे आहे.

एकाच शब्दाचे हे दोन अर्थ, एक तुळईचा आणि एक अरण्याचा, कर्करोगाच्या रुग्णासमोर येऊन ठेपतात, आणि प्रस्तुत कुळकथेतला मुख्य पेच तो हाच. जबड्याचा भाग, स्तन किंवा गर्भाशय गमावलेली व्यक्ती पूर्वस्थितीला येत नसते. तिला विचारलेल्या प्रश्नांत मात्र ‘पूर्ववत होणे’ हाच मापदंड दडलेला असण्याची शक्यता फार मोठी असते.

प्रश्नावलीचे तंत्र स्वतंत्रपणे वाढले होते. रेन्सिस लायकर्ट यांनी १९३२ मध्ये विधानाशी किती सहमत आहात हे पायऱ्यांवर सांगण्याची पद्धत मांडली, आणि मनाच्या ज्या गोष्टींना फीत लावता येत नाही त्यांना बेरीज करता येण्याजोगे अंक मिळाले. तग धरण्याची क्षमता मोजण्यासाठी गेल वॅग्निल्ड आणि हेदर यंग यांनी १९९३ मध्ये २५ विधानांची मोजपट्टी प्रसिद्ध केली. तिचे मूळ आयुष्यातील मोठ्या आघातानंतर सावरलेल्या २४ वयस्क स्त्रियांच्या मुलाखतींत होते. कर्करोगाच्या क्षेत्रात सर्वांत जास्त वापरली गेलेली मोजपट्टी मात्र २००३ ची, ड्यूक विद्यापीठातील कॅथरीन कॉनर आणि जोनाथन डेव्हिडसन यांची. हे दोघे आघातोत्तर ताणाच्या, म्हणजे युद्ध, अत्याचार किंवा अपघातानंतर मनात रुतून बसणाऱ्या भीतीच्या, रुग्णांवर उपचार करणारे मनोविकारतज्ज्ञ होते. त्यांनी विधाने गोळा केली ती कोबासा यांच्या कणखरपणातून, मायकल रटर यांच्या बालमानसशास्त्रातून, आणि अर्नेस्ट शॅकल्टन यांच्या अंटार्क्टिक मोहिमेच्या वृत्तान्तातूनही, कारण बर्फात अडकलेल्या त्या माणसांना तारणाऱ्या गोष्टींत श्रद्धेचाही वाटा होता असे त्यांना दिसले. विधाने २५, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ० ते १००. अमेरिकेतील सर्वसाधारण लोकांची सरासरी ८० च्या आसपास आली आणि आघातोत्तर ताणाच्या रुग्णांची ५० च्या जवळपास, त्यामुळे मोजपट्टी ज्यांना वेगळे करायला हवे त्यांना वेगळे करते हे सिद्ध झाले. यालाच मापनशास्त्रात वैधता म्हणतात, तर तेच माप पुन्हा घेतले असता तेच उत्तर येणे म्हणजे विश्वसनीयता. गणिताने या विधानांचे पाच गट पडले. चिकाटी व कर्तबगारीचा गट सर्वांत मोठा, ८ विधानांचा. नियंत्रणाचा ३ विधानांचा, आणि श्रद्धेचा सर्वांत लहान, केवळ २ विधानांचा. पुढे २००७ मध्ये हिचे १० विधानांचे आणि २ विधानांचे असे दोन छोटे अवतार निघाले, जे बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत सोयीचे ठरतात.

कर्करोगाच्या वाटेवर याआधी एक वेगळा आणि काहीसा दुःखद टप्पा येऊन गेला होता. लंडनमधील स्टीव्हन ग्रीअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या ६९ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला, ज्यात ‘लढाऊ वृत्ती’ किंवा रोगाचा इन्कार दाखवणाऱ्या स्त्रिया अधिक काळ रोगमुक्त राहिल्याचे दिसले. या निष्कर्षाने जगभर आशा निर्माण केली आणि १९८८ मध्ये मॅगी वॉटसन व ग्रीअर यांनी कर्करोगाशी मनाने जुळवून घेण्याची ४० विधानांची मोजपट्टी बनवली. मोठ्या संख्येवर तपासणी झाली ती १९९९ मध्ये: वॉटसन यांच्याच ५७८ स्त्रियांच्या अभ्यासात लढाऊ वृत्तीचा जगण्याच्या कालावधीवर काहीच परिणाम आढळला नाही, मात्र तीव्र हतबलतेचा परिणाम वाईट दिसला. आपलाच गाजलेला निष्कर्ष आपल्याच मोजपट्टीने खोडून काढण्याचा हा प्रामाणिकपणा शास्त्राच्या इतिहासात आदराने नोंदवला पाहिजे. वर्तमानपत्री मराठीने तो अजून स्वीकारलेला नाही. ‘कर्करोगाशी झुंज अपयशी’ हे मथळ्याचे वाक्य आजही सर्रास छापले जाते आणि ते वाचणाऱ्या कुटुंबाला गेलेले माणूस पुरेसे झुंजले नाही असे नकळत सांगते. तग धरण्याचे माप जेव्हा रुग्णाच्या चारित्र्याचे प्रमाणपत्र होऊन बसते, तेव्हा ते माप राहत नाही, तो रुग्णावर लादलेला दुसरा आजार होतो. न्यूयॉर्कमध्ये मानसिक कर्करोगशास्त्राचा पाया घालणाऱ्या जिमी हॉलंड यांनी हा धोका ओळखला होता. मनोविकार हा शब्द टाळून त्यांनी नुसता ‘त्रास’ हा शब्द निवडला आणि १९९८ च्या सुमारास एक साधे चित्र वापरात आणले: ० ते १० अशा खुणांचा तापमापक, ज्यावर गेल्या आठवडाभरात किती त्रास झाला ते रुग्णाने बोटाने दाखवायचे.

चंद्रपूर आणि गडचिरोलीत हे बोट दाखवणे अगदी शब्दशः घ्यावे लागते. या भागात सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून केलेला खर्रा पानठेल्यांवर सर्रास मिळतो, आणि त्याची सवय लागलेल्यांपैकी काहींच्या गालाची आतली त्वचा हळूहळू निबर होऊन तोंड उघडेनासे होते. डॉक्टर तोंड किती उघडते ते रुग्णाच्याच बोटांनी मोजतात. निरोगी माणसाच्या तोंडात तीन बोटे उभी मावतात, या रुग्णांत दोन, कधी एक. तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि त्यानंतरचे किरणोपचार, ज्यांना लोक शेक किंवा लाईट म्हणतात, यांनंतर बोलणे आणखी कठीण होते. प्रश्नावली वाचून दाखवली आणि तोंडी उत्तर मागितले, तर ज्याची क्षमता मोजायची त्याला आधी आपल्या व्यंगाचीच परीक्षा द्यावी लागते.

उपचारांचे अंतरही मापाच्या आड येते. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला, तेव्हापासून आजतागायत येथील बहुतांश कर्करुग्णांची वाट नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालयाकडे किंवा सेवाग्रामकडे गेलेली आहे. टाटा ट्रस्ट, राज्य शासन आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठान यांच्या भागीदारीतून चंद्रपुरात कर्करोग रुग्णालय उभारण्यात आल्याने ती आता आखूड होण्याची आशा आहे. भामरागडच्या टोकाकडून नागपूर साडेतीनशे किलोमीटरांच्या घरात पडते, आणि किरणोपचार आठवड्यातून ५ दिवस असे सहा-सात आठवडे चालतात. हेमलकसा येथे ज्यांनी १९७३ पासून माडिया आदिवासींची शुश्रूषा केली त्या डॉ. प्रकाश आमटे यांना २०२२ मध्ये रक्ताच्या कर्करोगाचे निदान झाले, तेव्हा त्यांनाही उपचारांसाठी पुण्याला राहावे लागले. अशा परिस्थितीत एखाद्या रुग्णाने उपचार पुरे केले तर त्याचे श्रेय त्याच्या मनाच्या चिवटपणाला किती द्यायचे आणि सोबत राहिलेल्या भावाला, बैल सांभाळणाऱ्या शेजाऱ्याला, बसभाड्याला व महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या मंजुरीपत्राला किती, हे २५ विधानांची बेरीज सांगू शकत नाही. पाव घेराच्या सूत्राप्रमाणे येथेही काही सोडलेले आहे; फरक एवढाच की ते पाचवा हिस्सा आहे की अर्धे झाड, हे कोणी मोजलेले नाही.

मापाला माणसाजोगे करण्याचे काम गडचिरोलीत पूर्वी झालेले आहे, आणि ते या कुळकथेच्या बाहेरचे मानण्याचे कारण नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ या संस्थेचे काम गडचिरोलीत सुरू केले. वसा आणि अमिर्झा या गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून त्यांनी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे आढळले, तर पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. इतके दुःख इतकी वर्षे मापाबाहेर राहिले, कारण ते विचारण्याचे शब्द कोणापाशी नव्हते. राणी बंग यांच्या ‘कानोसा’ या पुस्तकाचे मोल त्या शब्दांपाशी, स्त्रियांनी आपल्या शरीराविषयी वापरलेल्या भाषेपाशी, थांबण्यात आहे. दुसरे काम बालकांच्या न्यूमोनियाचे. न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला होणारे श्वास मोजायला हवेत आणि गावातल्या दायांना घड्याळ लावून साठापर्यंत मोजणे अवघड. म्हणून एक साधे उपकरण तयार झाले: एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि बाळाच्या वयानुसार मण्यांच्या दोन ओळी. दर १० श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्यापर्यंत पोहोचले तर न्यूमोनिया. हिशेब दाईच्या डोक्यातून काढून तो मण्यांत घातला गेला. मोजणाऱ्याला शिकवून मापाजोगे करण्यापेक्षा मापच मोजणाऱ्याच्या हाताजोगे केले, ही या उपकरणातील खरी करामत आहे, आणि मनाच्या मोजपट्टीला या जिल्ह्यांत पाय रोवायचे असतील तर तिला याच वाटेने यावे लागेल.

रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये मांडलेली उलट भाषांतराची रीत आज सर्वत्र पाळली जाते: प्रश्नावली एकाने भाषांतरित करायची, दुसऱ्याने ती मूळ भाषेत परत न्यायची आणि दोन्ही जुळतात का ते पाहायचे. कर्करुग्णांच्या जीवनमानाची १९९३ ची युरोपीय प्रश्नावली मराठीत आलेली आहे आणि ती बरीचशी सरळ उतरते, कारण भूक, झोप, वेदना, थकवा यांना मराठीत रोजचे शब्द आहेत. तग धरण्याच्या विधानांचे तसे नाही. कठीण प्रसंगानंतर ‘उसळी घेणे’ असे भाषांतर केले तर ते उलट फिरवल्यावर मुळाशी तंतोतंत जुळते, पण नुकतीच केमोथेरपी घेतलेल्या बाईला ‘तुम्ही उसळी घेता का’ हा प्रश्न विचित्र वाटतो. ‘सावरता का’ असे विचारले तर तिला लगेच कळते आणि उलट भाषांतर करणाऱ्याच्या तक्त्यात मात्र ते थोडे चुकलेले दिसते. नकारात्मक विधाने आणखी घोटाळा करतात. ‘मला सावरायला वेळ लागतो’ या विधानाशी ‘असहमत’ म्हणणे म्हणजे लवकर सावरतो असे सांगणे, ही दुहेरी नकाराची कसरत शाळेत न गेलेल्या वृद्धाकडून अपेक्षिता येत नाही. त्यातच हे मराठी म्हणजे तरी कोणते, हा प्रश्न उरतो. चंद्रपूर-गडचिरोलीत झाडीबोली आहे, गोंडी आणि माडिया आहे, सिरोंच्याकडे तेलुगू आहे.

श्रद्धेची दोन विधाने येथे सर्वांत जास्त ताणली जातात. गोंड समाजरचनेत कुळे सात देवे, सहा देवे, पाच देवे, चार देवे अशी देवांच्या संख्येवरून ओळखली जातात, आणि लग्नसंबंध कोणाशी होऊ शकतात हे त्यावरून ठरते. देव म्हणजे सोयरेधायरे, गाव आणि पूर्वज यांची मांडणीच. अशा रुग्णाला देवाचा आधार वाटतो का हे विचारले, तर त्याच्या उत्तरात नातेसंबंधही मिसळलेले असणारच, आणि गणिताने वेगळे पाडलेले श्रद्धेचे व संबंधांचे गट येथे एकमेकांत शिरतील असे मानणे तर्काला धरून आहे. नियंत्रणाच्या विधानांचेही तेच. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) सारख्या गावात निर्णय सर्वसहमतीने घेण्याची रीत जपली गेली आहे. तेथे स्वतःच्या आयुष्याचा ताबा स्वतःकडे आहे असे न म्हणणारा माणूस दुबळा ठरवता येत नाही.

याहून नाजूक गोष्ट निदानाची. पुष्कळ घरांत रुग्णाला कर्करोग हा शब्द सांगितलेलाच नसतो. ‘गाठ आहे’, ‘जखम आहे’ एवढ्यावर निभावले जाते, आणि सोबतचा मुलगा वा पुतण्या दारातच डॉक्टरांना खूण करून ठेवतो. ‘कर्करोग झाल्यापासून’ अशी सुरुवात असलेली प्रश्नावली अशा रुग्णासमोर उघडताच येत नाही. शिवाय माडिया बोलणाऱ्या आजीसाठी दुभाषा म्हणून बसतो तो हाच पुतण्या, आणि त्याच्यासमोर ‘मी खचले आहे’ असे ती म्हणणार नाही, कारण तिच्या त्या एका वाक्याने तोही खचेल हे तिला कळते. कागदावर तिचा आकडा चांगला येतो. तो आकडा तिच्या मनाचा आहे की तिच्या मायेचा, हे मोजपट्टी वेगळे करू शकत नाही. पण माया हीदेखील तग धरण्याचाच एक भाग आहे, हे वर्नर यांच्या काउआईच्या मुलांपासून चालत आलेले सत्य येथे विसरून चालत नाही. म्हणून रुग्णाचे उत्तर आणि सोबत्याचे उत्तर वेगवेगळ्या रकान्यांत, शक्य तर वेगवेगळ्या वेळी, आणि दुभाषा घरचा नसताना घेणे हा सर्वांत साधा उपाय ठरतो. ज्याचे तोंड दोन बोटेच उघडते त्याच्यासाठी पाच पायऱ्यांची भाषा टाकून मणी, दाणे किंवा चढत्या उंचीच्या काड्या पुढे ठेवता येतात.

अखेरीस, एकदाच घेतलेले माप तुळईचे असते आणि पुनःपुन्हा घेतलेले माप जंगलाच्या जवळ जाते. निदानाच्या वेळी, शेकाच्या मध्यावर, घरी परतल्यावर तीन महिन्यांनी असे आकडे घेतले, तर एकूण गुणसंख्येपेक्षा तिची चढउतार बोलू लागते, आणि येथे या जिल्ह्यांची स्वतःची कालगणना मध्ये येते. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो; पहाटे अंधार असतानाच बायाबापड्या पाने तोडायला रानात जातात, दुपारभर घराच्या सावलीत पुडे बांधले जातात आणि संध्याकाळी ते फळीवर, म्हणजे संकलनाच्या जागी, मोजून दिले जातात. वर्षाच्या रोकड मिळकतीचा मोठा वाटा या थोड्या आठवड्यांत येतो. त्या दिवसांत ओसरीवर नुसते बसून राहिलेल्या, कालपर्यंत पुढे चालणाऱ्या बाईला ‘तुम्ही स्वतःला खंबीर समजता का’ असे विचारले तर येणारा आकडा आणि तिने निदान बसल्या बसल्या पुडे बांधायला सुरुवात केल्यानंतर येणारा आकडा एक नसतो, मग तिच्या रोगात त्या काळात काहीही बदल झालेला नसो. नोंदवहीत तारखेचा रकाना असतोच; या दोन जिल्ह्यांसाठी छापल्या जाणाऱ्या प्रतीत त्याच्या शेजारी हंगामाचा आणि त्या दिवशी हातांनी कोणते काम केले याचा, असे आणखी दोन रकाने आखावे लागतील.